होस्टाला सावली मिळाली, थंडी कुठे आहे?

प्रश्न बेळगावातल्या अनगोळच्या एका ताईंचा आहे. घरामागे उत्तरेच्या बाजूला परडं, त्यात एक जुना फणस आणि विहीर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ‘ब्लू माउस इअर्स’ जातीचा छोटा होस्टा (पानांच्या शोभेसाठी सावलीत लावतात ते झाड) ऑनलाइन मागवून फणसाच्या कडेला जमिनीत लावला. पहिल्या पावसाळ्यात दहा-बारा छान निळसर पानं आली. दुसऱ्या वर्षी चार-पाच, तीही नखाएवढी. यंदा दिवाळी झाली तेव्हा दोन पानं उरली होती. त्यांनी माती बदलली, शेणखत घातलं, गांडूळखतही घातलं. एक नर्सरीवाला म्हणाला, सावली जास्त झाली. दुसरा म्हणाला, ऊन लागतंय. आता आणखी काय घालू, आणि लंडनची बहीण जानेवारीत येणार आहे तिच्याकडून दुसरा गड्डा मागवू का, असं त्या विचारतायत.

ताई, आधी खत घालायचं थांबवा. तुमच्या झाडाची झोप राहिलीय.

होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली उतरतो, जमिनीवरची पानं पूर्ण वाळून जातात आणि जमिनीतला गड्डा हिवाळाभर निजतो. ही झोप आरामापुरती नसते. गड्ड्यावरचे डोळे वसंतात जोमाने फुटायचे तर त्यांना आधी ठरावीक थंडी भोगावी लागते. तिकडचे उत्पादक ढोबळमानाने साडेचार-पाच अंशांखाली सहाशे-सातशे तास धरतात, म्हणजे जवळजवळ महिनाभर अखंड थंडी. जातीनुसार हे कमी-जास्त होतं, पण गरज सगळ्यांनाच असते. ती भागली नाही तर झाड लगेच मरत नाही, म्हणून आपण फसतो. ते फुटतं, पण अर्धवट. गड्ड्यातली साठवण खर्च होते, कमी पानांमुळे नवी साठवण होत नाही, पुढच्या वर्षी त्याहून कमी डोळे फुटतात. दहा, पाच, दोन हा तुमचा हिशेब त्याचाच आहे.

पहिल्या वर्षी मग एवढी छान पानं कशी आली? होस्टाचे गड्डे विक्रीला येतात ते बहुतेक थंड मुलखात वाढवलेले आणि शीतगृहात ठेवलेले. तुमच्या हातात आला तो पुरेशी थंडी खाऊन आलेला होता. पहिला बहर त्या थंडीवर झाला, त्यानंतरचा बेळगावच्या थंडीवर.

आणि बेळगावची थंडी म्हणजे किती? आपण साडेसातशे मीटर उंचीवर आहोत, त्यामुळे पुण्या-मुंबईची मंडळी आपल्या हवेचं कौतुक करतात, आपल्यालाही ते आवडतं. पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा तेरा-चौदाच्या आसपास असतो, एखाद्या रात्री दहाच्या खाली जातो, आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस-एकोणतीस. स्वेटर घालायला एवढी थंडी पुरते, होस्टाला नाही. खानापूर, जांबोटीकडे पहाटे आणखी बोचरं वाटतं, पण तिथेही पाच अंशांखाली सहाशे तास मिळणार नाहीत. इकडे अथणी-गोकाककडे तर विषयच नको.

आता त्या दोन नर्सरीवाल्यांचं बघू. मला वाटतं, दोघंही खरं बोलले. फक्त वेगवेगळ्या महिन्यांबद्दल.

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगतात की घराची उत्तर बाजू कायम सावलीची, तिथे होस्टा लावा. त्यांच्याकडे ते बरोबर आहे, कारण सूर्य तिथे वर्षभर दुपारी दक्षिणेलाच असतो. बेळगाव पावणेसोळा-सोळा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ४ तारखेच्या सुमाराला, सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टच्या ८-९ तारखेपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. मार्चअखेरपासूनच तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवायला लागतो. म्हणजे तुमच्या उत्तरेच्या परड्यात डिसेंबरात दिवसभर गार सावली, आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पारा छत्तीसपर्यंत जातो, नेमकं तेव्हा सकाळी आणि दुपारनंतर तिरकं ऊन. डिसेंबरात परडं पाहिलेला म्हणाला, सावली जास्त. मेमध्ये पाहिलेला म्हणाला, ऊन लागतंय. तुम्ही स्वतः एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता परड्यात जाऊन ऊन कुठे पडतंय ते खडूने खूण करून ठेवा. सावलीतलं कुठलंही झाड लावण्याआधी मी हे सांगतो, कारण ‘सावलीची जागा’ म्हणून लोक जी दाखवतात ती बहुधा हिवाळ्यात पाहिलेली असते.

त्यात तुमचा फणस. फणसाची सावली बारमाही आणि दाट. पानगळीच्या झाडाखाली हिवाळ्यात उजेड मिळतो, तसा इथे मिळत नाही. दुसरं, फणसाची बारीक मुळं वरच्या थरात पसरलेली असतात. तुम्ही होस्टासाठी खड्डा करून त्यात चांगली माती आणि शेणखत भरलंत, ते फणसाला आमंत्रणच झालं. एका पावसाळ्यात त्या खड्ड्यात त्याच्या मुळांचं जाळं भरलं असेल. कुदळ मारून बघा, दिसेल. तुमचं शेणखत फणसानेच खाल्लंय, आणि पुढच्या वर्षी फणस चांगले लागले तर नवल नको.

तर मग होस्टा इथे येतच नाही का? जमिनीत लावून विसरून जायचं म्हणाल तर नाही येत, हे मी स्पष्ट सांगतो. कुंडीत, थोडा उपद्व्याप करायची तयारी असेल, तर येतो. आणि त्यात बेळगावचा एक मोठा फायदा आहे, तो आपल्या लक्षात येत नाही.

आपला पावसाळा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात दिवसाचं तापमान पंचवीस-सत्तावीस, रात्रीचं वीस-एकवीस. आभाळ झाकलेलं, हवेत ओल. होस्टाच्या मूळ मुलखातला उन्हाळा याहून फार वेगळा नसतो, काही ठिकाणी तर यापेक्षा तापतो. फरक दिवसाच्या लांबीचा आहे: आपला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा, टोकियोचा साडेचौदा. दिवस लहान होऊ लागले की होस्टा झोपेची तयारी करतो, त्यामुळे आपल्याकडे त्याची वाढ थोडी लवकर आवरते. पण जून ते ऑक्टोबर हे चार-पाच महिने त्याला मानवणारे आहेत. त्याला मानवत नाही तो आपला फाल्गुन ते वैशाख. म्हणून मी त्याचं वर्ष उलटं करतो. आपला उन्हाळा हा त्याचा हिवाळा, आणि तो हिवाळा फ्रीजमध्ये.

बऱ्याच ठिकाणी सल्ला देतात की डिसेंबरात गड्डा फ्रीजमध्ये ठेवा, फेब्रुवारीत बाहेर काढा. थंड देशांच्या कॅलेंडरला ते जुळतं. आपल्याकडे मात्र फेब्रुवारीत जागा झालेला गड्डा कोवळी पानं घेऊन थेट मार्च-एप्रिलच्या तोंडी जातो, आणि ती पानं कडांनी करपली की वर्षाची कमाई गेली. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारी त्याला बाहेरच, कमी पाण्यावर, गार सावलीत ठेवायचं. लहान दिवसांमुळे पानं हळूहळू पिवळी पडतात, ती पडू द्यायची, ओढून काढायची नाहीत. महाशिवरात्रीच्या आसपास गड्डा फ्रीजमध्ये, आणि वळवाचे पाऊस होऊन रोहिणी लागली, म्हणजे २५ मेच्या सुमाराला, की बाहेर. मृगाच्या सरी येतात तेव्हा कोंब वर आलेले असतात. आपली रानहळद आणि भुईचाफा हेच करतात की! उन्हाळाभर जमिनीत गप्प, पाऊस पडला की वर. होस्टाला आपण घाटाच्या घड्याळावर आणतो, एवढंच. फरक इतकाच की त्याला निजायला थंडी लागते आणि ती आपण विकत देतो.

फ्रीजचं काम नीट समजून घ्या, कारण निम्मे गड्डे तिथेच कुजतात किंवा सुकतात. पानं वाळल्यावर कुंडी उपडी करून माती झटका, गड्डा साध्या पाण्याने धुवा, कुजकी मुळं स्वच्छ कात्रीने कापा. मग एक दिवस सावलीत, पंख्याखाली नव्हे, नुसता पसरून ठेवा, म्हणजे वरची ओल जाते आणि कापलेल्या जागा सुकतात. कोकोपीट भिजवून मुठीत घट्ट पिळा. बोटांमधून थेंब गळायला नको आणि मूठ उघडल्यावर गोळा मोडायला हवा. एवढ्याच ओलीचं कोकोपीट गड्ड्याभोवती ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीला सुईने पाच-सहा भोकं पाडा, वर तारीख आणि ‘खाऊ नये’ असं लिहा. हे शेवटचं चेष्टेने सांगत नाही. आमच्या घरी गड्ड्याला आलं समजून चहात घालायची वेळ आली होती.

ठेवायचं भाजीच्या खणात, पण आधी तिथे थर्मामीटर ठेवून बघा. दोन ते चार अंश असेल तर उत्तम. काही फ्रीजमध्ये भाजीचा खण सात-आठ अंशांवर असतो. तेवढं पुरत नाही, मग खालच्या फळीवर मागच्या बाजूला ठेवा. मात्र मागच्या भिंतीला चिकटून नको, तिथे बर्फ धरतो आणि गोठलेला उघडा गड्डा नंतर शिजवल्यासारखा मऊ पडतो. सफरचंद, केळी, पिकलेला आंबा यांच्याजवळ अजिबात नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने डोळे खराब होतात. आणि आपला मोसम तर नेमका आंब्याचा! मार्च ते मे फ्रीजमध्ये आंबे असणारच, म्हणून शक्य असेल तर जुना छोटा फ्रीज वेगळा ठेवा, नाहीतर पिशवी झाकणाच्या डब्यात घालून डबा आठ-दहा दिवसांनी उघडून हवा द्या. त्याच वेळी बुरशी दिसते का, कोकोपीट कोरडं पडलंय का, हेही बघून होतं. लाइट गेली तर घाबरू नका, दार बंद ठेवलं की काही तासांनी फार बिघडत नाही. फ्रीजमध्येच कोंब हलायला लागले, तर तारखेची वाट न बघता बाहेर काढून घराच्या सर्वांत गार खोलीत कुंडीत लावा.

कुंडी मातीची, ‘ब्लू माउस इअर्स’सारख्या जातीला सहा ते आठ इंचांची पुरते. पूर्ण वाढलेला ठोंबसुद्धा वीतभर उंच आणि फूटभर रुंद होतो, त्याहून मोठा नाही. मोठी कुंडी दिली की माती ओली राहून मुळं कुजतात. मिश्रणात मी तीन गोष्टी घालतो: आपली लाल माती, चाळलेला कुजका पालापाचोळा, आणि जांभ्याची किंवा विटेची हरभऱ्याएवढी खडी, साधारण सारख्या भागांत. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलं, मूठभरच. निपाणी-गोकाककडच्या काळ्या मातीत होस्टा नको. ती पाणी धरून बसते आणि चुनखडीची असते. तिकडच्या मंडळींनी लाल माती मागवून घ्यावी. लावताना डोळे मातीच्या बरोबरीने ठेवा, खोल गाडू नका.

बोअरच्या पाण्याने पानांच्या कडा तपकिरी होत असतील तर ते पाण्यातल्या क्षारांनी होतं. तुमच्याकडे विहीर आहे, ते पाणी बहुतेक चालेल. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी सर्वांत उत्तम.

पावसाळ्यात कुंडी कुठे ठेवायची? पडवीत किंवा छपराच्या कडेला, जिथे उजेड भरपूर पण पागोळ्या पडत नाहीत. ही गोष्ट या जातीसाठी फार महत्त्वाची आहे. तुम्ही लिहिलंय की पहिल्या वर्षी पानं निळसर होती आणि ऑगस्टपर्यंत साधी हिरवी झाली. तुम्हाला वाटलं, जात बिघडली. तसं नाही. होस्टाचा निळा रंग हा पानावरच्या मेणाच्या पातळ थराचा असतो. बोटाने पुसलंत तर तेवढी जागा हिरवी दिसेल. आपल्या जुलैच्या झडीत, त्यातही पागोळीखाली, तो थर धुऊन जातो, आणि त्या वर्षी पुन्हा येत नाही. पाऊस अंगावर पडू दिला नाही आणि पाणी कडेने मातीत घातलं तर निळाई गणपतीपर्यंत टिकते, कधी त्यापुढेही. या छोट्या जातीला अमेरिकेतल्या होस्टा उत्पादकांच्या संघटनेने २००८ साली ‘होस्टा ऑफ द इयर’ निवडलं, ते तिच्या आटोपशीरपणासाठी आणि जाड पानांसाठी. जाड पान आपल्यालाही उपयोगी आहे, कारण आपला मुख्य शत्रू गोगलगाय आहे.

गोगलगायींबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. परड्यात विहीर, ओल, फणसाचा पाला आणि गळून फुटलेले फणस, म्हणजे त्यांचं सगळं जेवण-राहणं तुमच्याकडेच आहे. गेल्या काही वर्षांत ती मोठी शंखी आफ्रिकन गोगलगाय महाराष्ट्र आणि कर्नाटकात सोयाबीनपासून भाजीपाल्यापर्यंत सगळीकडे दिसते. ती या देशात आधुनिक काळातली वाटते, पण १८४७ मध्येच कोलकात्यात आणली गेली होती. मोठ्या होस्टाची दोन पानं गेली तर चालतं. तुमच्या छोट्याची दोन पानं गेली तर झाडच गेलं. पानाच्या मध्ये वेडीवाकडी भोकं आणि मातीवर सुकलेली चकाकती रेघ दिसली की गोगलगाय समजा. कडेने कुरतडलेलं असेल तर अळी किंवा टोळ.

राखेची, चुन्याची रेघ ओढायचा सल्ला सगळे देतात. कोरड्या दिवसांत ती चालते, पण गोगलगाय कोरड्या दिवसांत येतच नाही. पाऊस पडला की रेघ वाहून जाते आणि चुना कुंडीत उतरतो. त्यापेक्षा सोयाबीनवाले शेतकरी करतात ते करा. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांपासून जरा लांब, भिंतीच्या कडेला पसरा. सकाळी उचललं की खाली गोळा झालेल्या सापडतात. हातमोजे घालून उचला आणि दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे विसरू नका, त्यांच्या अंगावर रोगाचे जंतू असतात. बाजारातल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या प्रभावी आहेत, पण कुत्र्या-मांजरांना त्या जिवावर बेततात, म्हणून घरामागच्या परड्यात मी त्या सांगत नाही. फणस उतरवला की फुटलेली फळं परड्यात पडू देऊ नका, एवढ्यानेही बराच फरक पडतो. कुंडी स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

दुसरा शत्रू बुरशी. भुईमुगात खोडकूज आणणारी बुरशी होस्टालाही लागते, आणि आपल्या भागातल्या मातीत ती असतेच. दमट उबदार दिवसांत, विशेषतः पाऊस उघडून ऊन पडलं की, एखादं हिरवं पान सहज ओढलं तरी मुळापासून सुटून हातात येतं. खाली बघा: पांढरे कापसासारखे धागे आणि मोहरीएवढे गोल दाणे, आधी पांढरे, मग तपकिरी. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अशी कुंडी वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. गड्ड्याचा निरोगी भाग असेल तर कापून, धुऊन नव्या मातीत. जुनी माती कंपोस्टमध्ये किंवा परड्यात अजिबात नको. कुंडी घासून एप्रिलच्या उन्हात वाळवा. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मुरवून घालणं हा आधीचा उपाय आहे, रोग दिसल्यावरचा नाही.

इथवरचं एका दमात: होस्टा कुंडीत, फणसापासून लांब, पावसाळा पागोळीबाहेरच्या उजेडात, दिवाळीनंतर पाणी कमी, महाशिवरात्र ते रोहिणी फ्रीज, गोगलगायींसाठी गोणपाट.

जात बदलायची असेल तर एक सुचवतो. मूळ चिनी प्लँटाजिनिया होस्टा आणि त्यापासून झालेल्या ‘ग्वाकामोले’, ‘सो स्वीट’ यांसारख्या जाती उष्णता बऱ्यापैकी सोसतात आणि त्यांना थंडीही जरा कमी पुरते. प्लँटाजिनियाची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि वास इतका गोड की निशिगंधाची आठवण व्हावी. दोघं एकाच कुळातले आहेत, आपली शतावरी आणि घायपातही त्यातलीच. पण हे होस्टा छोटे नाहीत, त्यांना मोठी कुंडी आणि फ्रीजमध्ये मोठी जागा लागते. छोटाच हवा असेल तर आहे तोच ठीक.

बी मागवू नका. रंगीत, इंद्रधनुषी, गर्द निळ्या होस्टाचं बी विकणाऱ्या जाहिराती येतात, ती शुद्ध फसवणूक आहे. नावाच्या जाती बियांपासून तशाच येत नाहीत, गड्डे फोडून किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवतात. विकत घेताना पानावरच्या शिरांजवळ शाई फुटल्यासारखे डाग आहेत का बघा. तो होस्टा व्हायरस एक्स असतो, त्याला औषध नाही आणि एका कात्रीने तो सगळ्या कुंड्यांत जातो. नर्सरीत होस्टा म्हणून कधी कधी युकॅरिस हे पांढऱ्या फुलांचं, तशाच रुंद पानांचं झाडही देतात. युकॅरिसच्या बुडाशी कांदा असतो, होस्टाच्या बुडाशी जाड मुळांचा गड्डा. तो युकॅरिस असला तरी नाराज होऊ नका, तो बेळगावात फ्रीजशिवाय मस्त येतो.

बहिणीचं म्हणाल तर बॅगेतून आणायला सांगू नका. भारतात रोप, गड्डा, कंद आणायचा तर आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात ते आहे. विमानतळावर जप्त झालं तर वाईट वाटेल, आणि न होता सोबत एखादा रोग आला तर त्याहून वाईट. बहिणीकडून चांगली कात्री मागवा.

आणि फणसाखालची ती जागा रिकामी ठेवायची का? मुळीच नको, पण तिथे आपल्याच मातीतलं लावा. भुईचाफा माझी पहिली निवड. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत, जिथे होस्टा टिकत नाही, तिथले लोक याच कुळातल्या केम्फेरियांना दक्षिणेचा होस्टा म्हणून लावतात. पानांवर मोराच्या पिसासारखी नक्षी असते, आणि आपल्या भुईचाफ्याची जांभळट पांढरी फुलं उन्हाळ्यात पानांच्या आधी कोरड्या मातीतून थेट वर येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला कुणीतरी फुलं मातीत खोचून ठेवलीत असं वाटतं. दिवाळीनंतर पानं वाळतात, कंद निजतो, त्याला पाणी लागत नाही, फ्रीज तर नाहीच. सोबत रानहळद, तिचे रंगीत तुरे श्रावणात येतात. मुळांची स्पर्धा मात्र त्यांनाही आहे, म्हणून फणसाच्या खोडापासून सहा-सात फूट लांब, जांभ्याच्या दगडांचा हातभर उंच वाफा करून त्यात लावा. कंद रोपवाटिकेतून किंवा ओळखीच्या परड्यातून घ्या. जांबोटी-चोर्ल्याच्या रानातून उपटून आणू नका. पावसाळी सहलीला जाणारा प्रत्येक जण एक-एक कंद घेऊन आला तर तिथे काय राहील.

आता या आठवड्यात करायचं ते. आहे तो गड्डा फणसाच्या मुळांतून हळूच सोडवून काढा, ओढू नका, भोवतीची माती पाण्याने सैल करा. दोन पानं आहेत ती राहू द्या, जानेवारीपर्यंत तीच त्याची कमाई आहे. सहा इंचांच्या कुंडीत लावून विहिरीजवळच्या गार, उजेडाच्या जागी ठेवा आणि वरची बोटाच्या एका पेराएवढी माती सुकली की मगच पाणी द्या. काढताना एखादं जाड मूळ तुटलं तर आडवं कापून बघा. आत पांढरं आणि कडक असेल तर महाशिवरात्रीला फ्रीजमध्ये जागा करा. तपकिरी आणि बिलबिलीत असेल, आणि सगळीच मुळं तशी असतील, तर भुईचाफ्याचे कंद फेब्रुवारीतच सांगून ठेवा, मेमध्ये ते मिळत नाहीत.